सारखे दिसणारे शब्द: जोड्या पाठ करण्याऐवजी शब्दाचे कूळ पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही गेली दोन वर्षे संस्थांची कार्यक्रमवृत्ते आणि अहवाल लिहून देता. सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या दोनशे जोड्यांची एक यादी तुम्ही पाठ केली आहे, लिहून झाल्यावर संगणकातील शुद्धलेखन-तपासणीही चालवता, आणि तरीही अलीकडे तुमचे एक वाक्य पाच लाल खुणांसह परत आले. ते वाक्य असे: ‘वर्धापन दीनाच्या कार्यक्रमात आचाऱ्यांनी संस्थेचे उद्देश्य विषद केले आणि उपहारानंतर सर्वांचे आभार मानले.’ यादी पाठ असताना असे का होते आणि मुद्रितशोधक हे शब्द लक्षात कसे ठेवतात, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी सव्वीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते आहे. तुमच्या वाक्यावरच्या पाचही खुणा योग्य आहेत, हे आधी सांगते. मात्र त्या पाच चुका पाच वेगवेगळ्या कारणांनी झालेल्या आहेत, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण तिथेच आहे. ‘दीन’ ही कानाने केलेली चूक आहे, ‘आचाऱ्यांनी’ ही मूळ शब्द न पाहिल्यामुळे झालेली आहे, ‘उद्देश्य’ हिंदीतून आलेले आहे, ‘विषद’ हा शेजारच्या अक्षराचा घोटाळा आहे आणि ‘उपहार’ हा संधी, म्हणजे दोन शब्दांचा जोड, न उलगडल्याचा परिणाम आहे. यादीत हे सगळे शब्द एकाच रांगेत बसलेले असतात. त्यामुळे दोन शब्द वेगळे आहेत एवढे कळते, पण ते कशामुळे वेगळे आहेत हे कळत नाही, आणि नेमक्या लिहिण्याच्या क्षणी आठवते ती फक्त जोडी; तिच्यातला कोणता शब्द कोणत्या अर्थाचा, हे हातून निसटते. तपासणीकडून तर येथे काहीच अपेक्षा धरू नये. दीन, विषद, उपहार हे सगळे खरे शब्द आहेत, आणि तपासणी शब्द आहे की नाही एवढेच पाहते.

सुरुवात दिन आणि दीन यांच्यापासून करते, कारण या एका जोडीत मराठी लेखनाचा मोठा भाग सामावलेला आहे. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, केविलवाणा, हे तुम्हाला पाठ आहेच. पण मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी दोन्ही शब्द सारखेच येतात. शब्द अकारान्त, म्हणजे शेवटी ‘अ’ असलेला असेल, तर शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार किंवा उकार आपण लांबवून उच्चारतो. आपण ‘विष’ लिहितो पण बोलताना जवळजवळ ‘वीष’ म्हणतो, ‘गुण’ लिहितो आणि ‘गूण’ म्हणतो. म्हणूनच लेखनाच्या नियमांनी मराठी वळणाच्या अशा शब्दांत ते अक्षर दीर्घ ठेवले आहे (खीर, फूल, गरीब, वकील), आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना मात्र त्यांचे मूळचे ऱ्हस्व-दीर्घ राखू दिले आहे (विष, गुण, मंदिर, कुसुम). दिन आणि दीन हे दोन्ही संस्कृतातून आलेले, त्यामुळे एक ऱ्हस्व राहिला आणि दुसरा दीर्घ, आणि कानाला मात्र दोन्ही दीर्घच ऐकू आले. कान येथे मदत करू शकत नाही हे एकदा मान्य केले, की ‘ऐकून लिहिण्याची’ सवय कुठे थांबवायची ते समजते.

आमच्या कामात पूर्वी एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचत असे आणि दुसरा मुद्रितावर बोट ठेवून ताडून पाहत असे. माझ्या पहिल्या वर्षी मूळ प्रत वाचणारे एक ज्येष्ठ सहकारी ‘स्मृतिदिन’ हा शब्द आला की क्षणभर थांबून ‘द ला पहिली’ असे म्हणत आणि मगच पुढे जात. पहिली म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, दुसरी म्हणजे दीर्घ. मला ते सुरुवातीला अनावश्यक वाटे. मग लक्षात आले, की जिथे आवाज शब्द वेगळे करू शकत नाही नेमक्या त्याच जागी ते थांबतात. शिर (डोके) आणि शीर (रक्तवाहिनी), सुत (मुलगा) आणि सूत (धागा), सुर (देव) आणि सूर (गाण्यातला), पुर (नगर) आणि पूर (नदीचा), सलिल (पाणी) आणि सलील (लीलेने, सहज), मिलन (भेट) आणि मीलन (मिटणे, जसे नेत्रमीलन): हे सगळे शब्द त्या थांबण्याच्या जागा होत्या.

आता या शब्दांचे करायचे काय? माझा पहिला उपाय म्हणजे शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लावून पाहणे. मराठी वळणाच्या शब्दातले दीर्घ अक्षर प्रत्यय लागला की ऱ्हस्व होते: पूर, पण पुरात, सूर, पण सुरात, फूल, पण फुलाला. संस्कृतातला शब्द मात्र आपली वेलांटी किंवा उकार बदलत नाही: दीन, दीनांना, गुण, गुणांना. म्हणून धाग्याचा ‘सूत’ प्रत्यय लागताच सुताने, सुतावरून असा होतो (सुतावरून स्वर्ग गाठणे हा वाक्प्रचार आठवावा), तर कर्णाला सूतपुत्र म्हणतात त्यातला ‘सूत’, म्हणजे सारथी, संस्कृत असल्यामुळे सूताने, सूताला असाच राहतो. येथे एक अडचण उभी राहते, ती लपवण्यात अर्थ नाही. मुलगा या अर्थाचा ‘सुत’ आणि धागा या अर्थाचा ‘सूत’ यांना प्रत्यय लागला की दोन्ही ‘सुताने’ असे एकरूप होतात. देवांचे ‘सुरांनी’ आणि गाण्यातले ‘सुरांनी’ यांचेही तसेच. अशा ठिकाणी लेखन शुद्ध असूनही अर्थ डळमळू शकतो, आणि तिथे वाक्य बदलणे हाच मार्ग असतो. ‘सुरांनी सभा भारून गेली’ हे वाक्य पौराणिक कथेत आले तर मी लेखकाला ‘देवांनी’ किंवा ‘स्वरांनी’ असे सुचवते.

दुसरा उपाय मला याहूनही विश्वासाचा वाटतो, तो म्हणजे शब्दाचे लिंग आणि त्याचे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द जे रूप घेतो ते. मराठीत लिहायला अगदी एकसारखे असलेले कितीतरी शब्द लिंगावरून वेगळे होतात, आणि हे ज्ञान आपल्याकडे लहानपणापासून असते. ‘मान’ पुल्लिंगी असेल तर मानाने वागवणे होते, आणि स्त्रीलिंगी असेल तर मानेने होकार देणे होते. ‘माळ’ पुल्लिंगी असेल तर माळावर गुरे चरतात, स्त्रीलिंगी असेल तर माळेत मणी ओवतात. गळ्यातला हार तो आणि पराभव या अर्थाची हार ती. बाण या अर्थाचा तीर तो, नदीचे तीर मात्र ते. मला सर्वांत सुंदर वाटते ते ‘वेळ’ या शब्दाचे उदाहरण. ‘बराच वेळ गेला’ यात वेळ पुल्लिंगी आहे आणि त्याचा अर्थ कालावधी असा आहे. ‘वेळ टळून गेली’ यात ती स्त्रीलिंगी आहे आणि अर्थ नेमका क्षण असा आहे. म्हणूनच माणूस ‘थोड्या वेळाने’ येतो किंवा ‘वेळेवर’ येतो. हा फरक कोणीही शिकवलेला नसतो आणि कोणी चुकतही नाही. एकसारखे शब्द वेगळे ओळखण्याची शक्ती तुमच्यात आहे याचा हा पुरावा आहे. फक्त ती लिहिताना जाणीवपूर्वक वापरायची आहे.

‘नाव’ या शब्दाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. जुन्या लेखनात ओळख सांगणारे ‘नांव’ अनुस्वार देऊन लिहीत आणि होडी या अर्थाची ‘नाव’ अनुस्वाराशिवाय. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम केले (पुढे १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली), आणि उच्चारात न येणारे अनुस्वार लिहू नयेत असे ठरले. पांच, कांही, नांव यांच्या डोक्यावरचे टिंब गेले आणि दोन शब्द दिसायला एक झाले. तरीही वाचक गोंधळला नाही, कारण एक नपुंसकलिंगी आहे आणि दुसरी स्त्रीलिंगी; ‘नावात’ आणि ‘नावेत’ यांत कोणाचीही गल्लत होत नाही. दिसण्यातला फरक पुसला गेला तरी शब्दाच्या वागण्यातला फरक टिकून राहतो. म्हणून शंका आली की शब्दाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू नका. त्याला वाक्यात चालवून पाहा.

उलट प्रकारही आहे, म्हणजे लेखन एक पण उच्चार दोन. म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ आणि थोडेसे या अर्थाचे ‘जरा’ एकदा मोठ्याने म्हणून पाहा; दोन्हींतल्या ज च्या उच्चारात फरक आहे. बोलताना आपण तो बिनचूक करतो, पण लिपी तो दाखवत नाही. लिहिणाऱ्याला याचा त्रास नाही. जो मजकूर मोठ्याने वाचला जाणार आहे, निवेदनासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी, तिथे मात्र मी पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेत खूण करून ठेवते.

आता ‘आचाऱ्यांनी’ या शब्दाकडे येते. आचार्य म्हणजे गुरू, आचारी म्हणजे स्वयंपाक करणारा. प्रत्यय लागल्यावर गुरूंचे ‘आचार्यांनी’ होते आणि स्वयंपाक करणाऱ्यांचे ‘आचाऱ्यांनी’. पहिल्यात र चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, दुसऱ्यात तो अर्धा होऊन य च्या आधी आडवा बसतो. तुमच्या वाक्यात संस्थेचे ध्येय स्वयंपाक्यांनी समजावून सांगितल्याचे झाले. दर्या (समुद्र) आणि दऱ्या (दरीचे अनेकवचन) ही याच वळणाची जोडी. येथे कान खरोखर मदत करतो. ‘दर्या’ म्हणताना र पहिल्या अक्षराला टेकतो आणि त्यावर भार येतो. ‘दऱ्या’ म्हणताना पहिले अक्षर हलकेच राहते. छंदशास्त्रातही पहिल्याचे ‘द’ गुरू (जड) धरतात आणि दुसऱ्याचे लघू (हलके). पण कानावरही विसंबायचे नसेल तर मूळ शब्द शोधावा. मूळ शब्दाच्या शेवटी री किंवा रा असेल (दरी, दोरी, शेतकरी, किनारा, वारा), तर प्रत्यय लावल्यावर किंवा अनेकवचनात ऱ्य येतो: दऱ्या, दोऱ्या, शेतकऱ्यांना, किनाऱ्यावर, वाऱ्याने. मूळ शब्दातच र्य असेल (कार्य, सूर्य, धैर्य, आचार्य), तर तो तसाच राहतो: कार्याला, सूर्याने, धैर्याने. या नियमाला तोंड देताना मी आजवर अडखळलेले नाही.

एक तांत्रिक गोष्ट येथेच सांगून ठेवते, कारण ती कामात वारंवार आडवी येते. संगणकावर ऱ्य दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ वापरतात. दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण शोध घेताना संगणकाला ते निराळे वाटू शकतात. तुम्ही ‘आचाऱ्यांनी’ शोधले आणि काही सापडले नाही, म्हणजे मजकुरात तो शब्द नाहीच असे समजू नये. दुसऱ्या प्रकाराने टंकून पुन्हा एकदा शोधावे.

‘उपहार’ आणि ‘उपाहार’ यांची गोष्ट वेगळी, येथे शब्द फोडून पाहावा लागतो. उपहार म्हणजे भेटवस्तू. उपाहार म्हणजे उप अधिक आहार, म्हणजे फराळ. म्हणून खाण्याच्या जागेला ‘उपाहारगृह’ म्हणायचे, आणि थोडक्या फराळाला ‘अल्पोपाहार’. पाट्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर ‘उपहारगृह’ आणि ‘अल्पोपहार’ इतक्या वेळा दिसते की डोळ्याला तेच ओळखीचे झाले आहे. पण काटेकोर लेखनात ते चालत नाही. यादीने हे दोन शब्द तुम्हाला शेजारी शेजारी दाखवले होते. ‘आहार’ हा शब्द दुसऱ्यात पुरता दिसतो एवढे एकदा पाहिले असते, तर जोडी पाठ करायची गरजच उरली नसती.

शब्द फोडण्याची सवय लागली की एका किल्लीने अनेक कुलपे उघडतात. अपेक्षा आणि उपेक्षा यांत घोटाळा करणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. दोघींच्या पोटात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा एकच धातू आहे. परीक्षा, प्रतीक्षा, समीक्षा, निरीक्षण हेही त्याच घरातले. ‘परि’ मधली रि ऱ्हस्व असूनही परीक्षा दीर्घ का लिहायची, हेही त्यातूनच कळते: परि अधिक ईक्षा. आणि परिस्थिती, परिणाम, परिमाण यांत पुढे ईक्षा नाही, म्हणून तिथे रि ऱ्हस्वच. ‘कूल’ म्हणजे किनारा हे कळले की अनुकूल आणि प्रतिकूल यांतला दीर्घ ऊकार पाठ करावा लागत नाही. घराणे या अर्थाच्या ‘कुल’ शी त्यांचा संबंध नाही, हे आपोआप दिसते.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला एक कारण आहे. कामाच्या तिसऱ्या वर्षी एका संस्थेची स्मरणिका माझ्याकडे होती. आभाराच्या पानावर ‘सर्व देणगीदारांप्रती आम्ही कृतघ्न आहोत’ असे छापले गेले. मूळ हस्तलिखितात ‘कृतज्ञ’ होते. जुळणीत अक्षर बदलले. मी ते पान दोनदा वाचले होते आणि दोन्ही वेळा मला ‘कृतज्ञ’ असेच दिसले, कारण तिथे तोच शब्द असणार हे मला ठाऊक होते. प्रती वाटल्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी चूक लक्षात आली आणि प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवावे लागले. ज्यांनी विश्वासाने पैसे दिले होते त्यांनाच उपकार विसरणारे शब्द छापून द्यायचे, याचे दुःख मला आजही आहे. त्यानंतर मी या दोन शब्दांकडे जोडी म्हणून पाहणे सोडले. कृत म्हणजे केलेले; ज्ञ म्हणजे जाणणारा, जसा सर्वज्ञ किंवा तज्ज्ञ; घ्न म्हणजे नष्ट करणारा, जसा शत्रुघ्न. केलेले जाणणारा तो कृतज्ञ, केलेले मारून टाकणारा तो कृतघ्न. एवढे उलगडल्यावर ‘घ्न’ हे अक्षर दिसले की आता माझी नजर आपोआप थांबते.

श, ष आणि स यांच्या घोटाळ्यात तुमचा ‘विषद’ बसतो. विशद म्हणजे स्पष्ट. विषद म्हणजे विष देणारा. शंकर आणि संकर, शकल (तुकडा) आणि सकल (सगळे) याच रांगेतले. न आणि ण यांचे शब्द मात्र मराठी माणूस बोलताना सहसा चुकत नाही. सन आणि सण, तन आणि तण, मन आणि मण यांत कानाला फरक स्पष्ट कळतो. चूक होते ती टंकताना, विशेषतः रोमन अक्षरांवरून मराठी टंकणाऱ्यांची, कारण तिथे एका कळीऐवजी दुसरी दाबली की न चा ण किंवा ल चा ळ होतो. काल आणि काळ, नाल आणि नाळ, वेल आणि वेळ हे त्यातले नेहमीचे. दोन जागी मात्र विचार करावा लागतो. ‘जन’ म्हणजे लोक आणि ‘जण’ म्हणजे मोजायची माणसे, म्हणून जनसमुदाय पण पाच जण. आणि ‘अनु’ हा उपसर्ग आहे तर ‘अणू’ हा पदार्थाचा सूक्ष्म कण. तो सुटा लिहिताना दीर्घ आणि समासात आरंभी आला की ऱ्हस्व, जसे अणुशक्ती.

उरला ‘उद्देश्य’. मराठीत हेतू या अर्थी ‘उद्देश’ हा शब्द आहे. ‘उद्देश्य’ हा आपल्याकडे व्याकरणातला शब्द आहे. वाक्यात ज्याच्याविषयी बोलायचे ते उद्देश्य आणि जे बोलायचे ते विधेय. हिंदीत मात्र हेतूला उद्देश्य म्हणतात, आणि हिंदी मजकूर सतत डोळ्यांखालून जात असला की तो शब्द मराठी वाक्यात शिरतो. असे शब्द मला अधिक धोक्याचे वाटतात, कारण त्यांत एकही अक्षर चुकलेले नसते. शिक्षा हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. चेष्टा तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. संसार तिकडे जग, इकडे घरप्रपंच. प्रकृती तिकडे निसर्ग, इकडे बहुधा तब्येत. राजीनामा तिकडे समेटाचा कागद, इकडे पद सोडण्याचा. ‘मी आज व्यस्त आहे’ हे वाक्य आता सर्रास ऐकू येते; मराठीत व्यस्त म्हणजे उलट, विपरीत, जसे व्यस्त प्रमाण. माणूस कामात असतो, गुंतलेला असतो किंवा त्याला सवड नसते. हिंदीतून किंवा हिंदीच्या आधारे लिहिलेला मजकूर असेल, तर या शब्दांसाठी मी एक स्वतंत्र वाचन करते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्याही सांगायला हव्यात. वेश आणि वेष, कोश आणि कोष अशा शब्दांत दोन्ही रूपे वापरात आहेत. तिथे ज्यांच्यासाठी लिहिता त्यांची पद्धत विचारावी आणि एका मजकुरात एकच रूप ठेवावे. व्यक्तीच्या नावात ती व्यक्ती जसे लिहिते तसेच लिहावे. एखादा ‘सलिल’ लिहीत असेल आणि दुसरा ‘सलील’, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. कवितेत वृत्तासाठी कवीने ऱ्हस्वाचे दीर्घ केले असेल तर त्याला हात लावू नये. जुन्या लेखनातला उतारा देताना मूळ प्रत पाहावी: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मूळ लेखनाप्रमाणेच छापावे असे महामंडळाच्या नियमांतच सांगितलेले आहे, त्यामुळे तिथले ‘नांव’ दुरुस्त करायला जाऊ नये.

आता रोजच्या कामाची पद्धत. ती दोनशे जोड्यांची यादी काही महिने बाजूला ठेवा. दोन फसवे शब्द शेजारी ठेवून पाठ केले की ते मनात एकमेकांना चिकटतात, हे मी माझ्याकडे शिकायला आलेल्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिले आहे. त्याऐवजी जोडीतला एकच शब्द पक्का करा, त्याच्या नातेवाइकांसह. दिन घेतला तर दिनांक, दैनिक, दिनदर्शिका. दीन घेतला तर दीनवाणा, दैन्य. एका महिन्यात दिन या शब्दाबद्दल शंका उरली नाही, की दुसऱ्याकडे वळा. एक लहान वही करा आणि तिच्यात फक्त तुमच्या हातून प्रत्यक्ष चुकलेले शब्द लिहा, प्रत्येकाखाली तुमचे स्वतःचे एक वाक्य. माझ्या वहीत सव्वीस वर्षांत दीडशेच्या आसपास शब्द जमले आहेत, आणि त्यांतले जेमतेम तीस आजही मला थांबवतात. तुमचे तीस निराळे असतील, म्हणून दुसऱ्याची यादी तुम्हाला पुरेशी पडत नाही.

मजकूर पूर्ण झाला की वहीतले शब्द एकेक करून संगणकाच्या शोधात टाका आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वाक्याचा अर्थ पाहा. तपासणी जे करू शकत नाही ते हे आहे. त्यानंतर दोन वाचने करा, पण एकाच बैठकीत नव्हे. पहिले अर्थासाठी, आणि दुसरे केवळ अक्षरांसाठी, शक्य असल्यास छापील प्रतीवर, ओळीखाली पट्टी धरून, एकेक अक्षर जोडून. अर्थ कळू लागला की डोळा अक्षरे वगळतो. माझ्या हातून ‘कृतघ्न’ सुटले ते यामुळेच. म्हणून दुसऱ्या वाचनात मी कधी कधी शेवटच्या परिच्छेदापासून मागे येते, म्हणजे ओघ तुटतो आणि अक्षर दिसते.

तुमचे वाक्य आता असे होईल: ‘वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात आचार्यांनी संस्थेचा उद्देश विशद केला आणि उपाहारानंतर सर्वांचे आभार मानले.’ लाल खुणा पाचच होत्या, पण दोन बदल त्यांच्या पाठोपाठ आले आहेत. ‘वर्धापनदिन’ हा समास असल्यामुळे तो जोडून लिहिला आहे. आणि ‘उद्देश’ पुल्लिंगी असल्यामुळे ‘संस्थेचे’ बदलून ‘संस्थेचा’ आणि ‘केले’ बदलून ‘केला’ झाले आहे. शब्द दुरुस्त केल्यावर त्याच्या मागचे विशेषण आणि पुढचे क्रियापद तपासायला विसरू नका. परत आलेल्या मजकुरात दुसऱ्या फेरीच्या चुका बहुधा तिथेच राहून जातात.